स्पायडर प्लांटची पिल्लं: पाण्यात मुळं फुटू द्यावीत की थेट मातीत लावावीत?

गच्चीवरची_बाग (सातारा)

मंडळी, आमच्या शाहूपुरीतल्या घराच्या गॅलरीत स्पायडर प्लांटची टांगती कुंडी आहे. यंदा तिला लांबलचक दोरे सुटलेत आणि प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला दोन-तीन पिल्लं लोंबतायत. मी ती कापते, काचेच्या बाटलीत पाणी घालून ठेवते आणि पांढरी मुळं दिसायला लागली की कुंडीत लावते. माझी सगळी छान जगतात.

माझी थोरली बहीण सांगलीला असते. तिचं म्हणणं बरोबर उलटं. पाण्यात ठेवलेली पिल्लं आधी टवटवीत दिसतात, मातीत गेली की माना टाकतात आणि पानांचे शेंडे करपतात, त्यामुळे पाण्यात ठेवायचंच नाही, सरळ मातीत खोचायचं. झाड एकच, पिल्लंही माझ्याकडूनच गेलेली. मग दोघींचा अनुभव इतका वेगळा का? तुम्ही कसं करता ते कारणासकट सांगा. नुसतं "आमच्याकडे येतं बुवा" असं नको.

कोयनाकाठ

पाण्यात. आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं. मातीत लावलं की रोज उकरून बघावंसं वाटतं आणि त्यातच पिल्लू मरतं.

तासगावकर_द्राक्षवाला

ताई, आधी एक पिल्लू हातात घ्या आणि उलटं करून बघा. बुडाशी, जिथं सगळी पानं एकत्र येतात तिथं, तांदळाच्या कणीएवढे पांढरट-हिरवे ठोंब दिसतील. ती मुळंच आहेत. हवेत लोंबत असतानाच तयार झालेली, फक्त ओल मिळायची वाट बघत थांबलेली. ठोंब असतील तर पिल्लू पाण्यातही लागतं आणि मातीतही. ठोंब नसलेलं कोवळं पिल्लू कापूच नका, आणखी काही दिवस आईच्या अंगावर राहू द्या.

म्हणूनच मुळं फुटायची पावडर या झाडाला लागत नाही. आमच्या द्राक्षाच्या खुंटाच्या (ज्यावर कलम बांधतात त्या मुळाकडच्या झाडाच्या) काडीला आयबीएत, म्हणजे मुळं फुटायच्या औषधात, बुडवावं लागतं, कारण काडीवर मुळाचा पत्ता नसतो. इथं सगळं तयार आहे, उगाच पैसे घालवू नका.

मी स्वतः मातीच्याच बाजूनं. जे मूळ शेवटी मातीत राहणार, ते मातीतच वाढू द्यावं.

पानाफुलांत (कराड)

तासगावकर यांनी मुळावरच बोट ठेवलंय. मी वनस्पतीशास्त्र शिकवते, म्हणून थोडं खोलात जाते.

पाण्यात वाढलेलं मूळ आणि मातीत वाढलेलं मूळ यांच्या घडणीत फरक असतो. मातीतल्या मुळाला केसासारखी बारीक मूळरोमं भरपूर असतात. मातीच्या कणांना चिकटलेलं पाणी तीच ओढून घेतात. पाण्यातल्या मुळाला ती मेहनत करावी लागत नाही, म्हणून मूळरोमं फारच कमी येतात. उलट पाण्यात प्राणवायू कमी असतो, त्यामुळे मुळाच्या आत हवेच्या पोकळ्या जास्त तयार होतात. असं मूळ ठिसूळ असतं. एकदम कोरड्या मातीत गेलं की त्याला पाणी ओढता येत नाही आणि पानं माना टाकतात. सांगलीच्या ताईंना दिसतं ते हेच.

पण म्हणून पाण्याची पद्धत चुकीची ठरत नाही. दोन गोष्टी पाळायच्या. मुळं बोटाच्या एका पेराएवढी झाली की लगेच हलवायचं, बाटलीत जाळं होईपर्यंत थांबायचं नाही. आणि मातीत लावल्यावर पहिले आठ-दहा दिवस माती सतत ओलसर ठेवायची, कुंडी सावलीत ठेवायची. तेवढ्यात मातीला सरावलेली नवी मुळं फुटतात. पुढे पाणी हळूहळू कमी करायचं.

पाण्यात ठेवतानाही फक्त बूड पाण्याला टेकलं पाहिजे. पानं बुडाली की ती सडतात, पाणी वास मारतं आणि मग मूळही कुजतं.

वडूजची_सिस्टर

बाटल्यांची चर्चा चालू आहे म्हणून मध्ये बोलते. पावसाळ्यात घरोघरी पाणी तपासत फिरणं हे आमचं काम. लोक पिंप झाकतात, टाकी झाकतात, आणि खिडकीतल्या मनी प्लांटच्या बाटलीत अळ्या वळवळत असतात. डेंगीचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. अंड्यापासून उडता डास व्हायला उबदार हवेत साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात.

नुसतं पाणी ओतून नवं भरलं तर ते अर्धंच काम. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, काचेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून बाटली आतून ब्रशनं घासायची. दर तीन-चार दिवसांनी हे करा, तोंडाशी पिल्लाभोवती कापूस किंवा जाळीचा तुकडा लावा. मग खुशाल पाण्यात वाढवा.

मिरजेचा_मुकुंद

सिस्टर, तुम्ही आमच्या घरी एकदा याच. आमच्या सौभाग्यवतींनी कपाटातले सगळे काचेचे ग्लास पिल्लांना दिलेत. परवा पाहुण्यांना सरबत फुलपात्रातून दिलं. ते म्हणाले, वा, जुनी पद्धत जपलीत!

गच्चीवरची_बाग (सातारा)

सिस्टर, घासायचं ध्यानात ठेवते, मी आतापर्यंत फक्त पाणी बदलत होते. पानाफुलांत, मूळरोमांचं पटलं. पण मग माझी पिल्लं मातीत गेल्यावर का सुकत नाहीत? मी काही आठ-दहा दिवस चिखल करून ठेवत नाही. बहिणीलाच इथे लिहायला सांगितलंय.

विश्रामबागची_ताई (सांगली)

आले. धाकटीनं माझी बाजू निम्मीच सांगितली आहे.

आमच्या अपार्टमेंटमध्ये वापरायला बोअरचं पाणी. बादली दोन दिवस भरून ठेवली की कडेला पांढरी रेघ उमटते, नळाच्या तोट्यांवर खडी जमते. पिल्लू या पाण्यात ठेवलं की मुळं येतात, पण टोकाशी तपकिरी होतात. मातीत लावल्यावर पानांचे शेंडे वाळतात, तेही मधूनच नाही, नेमके टोकाकडून आत. सरळ मातीत लावलेली पिल्लं हळू वाढतात खरी, पण एवढी करपत नाहीत. म्हणून मी मातीवर ठाम आहे.

आणि धाकटे, "मी लाडानं वाढवते म्हणून जगतात" हे जे तू आईला सांगतेस ना, ते बंद कर.

तासगावकर_द्राक्षवाला

घ्या! हा पाणी की माती असा वाद नव्हताच. हा कुठलं पाणी असा वाद आहे.

गच्चीवरची ताई, शाहूपुरीत तुमच्याकडं पाणी कुठलं येतं?

गच्चीवरची_बाग (सातारा)

आमच्या गल्लीला कासचं येतं.

तासगावकर_द्राक्षवाला

मग संपला विषय. कासचं पाणी म्हणजे पठारावर पडलेला पाऊस, जांभ्या खडकावरनं वाहून तळ्यात साठलेला. त्यात क्षार असून असणार किती? आणि सांगलीतलं बोअरचं पाणी खालनं क्षार घेऊनच वर येतं. आमच्याकडं कृष्णाकाठच्या गावांत ऊस आणि बेसुमार पाणी यानं रानंच्या रानं क्षारपड झाली, माणसांना पांढऱ्या पडलेल्या जमिनी रोज दिसतात. तेच बाटलीत घडतंय, फक्त लहान मापात. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात. आपण वरनं आणखी तेच पाणी भरतो, म्हणजे दर खेपेला खारटपणा वाढत जातो.

द्राक्षात आम्ही यावर डॉगरिज जातीचा खुंट लावतो. तो क्षारही सोसतो आणि पाण्याचा ताणही. स्पायडर प्लांटला खुंट बदलता येत नाही, तेव्हा पाणी बदला.

पानाफुलांत (कराड)

अगदी. आणि हे झाड या बाबतीत भलतंच नाजूक आहे. क्षार, बोरॉन आणि विशेष करून फ्लोराइड याला सोसत नाही. मुळानं घेतलेलं फ्लोराइड पाण्याबरोबर पानाच्या टोकापर्यंत जातं, पाणी हवेत उडतं, फ्लोराइड तिथंच साठतं. म्हणून करपण्याची सुरुवात नेहमी शेंड्यापासून. ताईंनी "टोकाकडून आत" असं नेमकं लिहिलंय ते याचंच लक्षण.

याच कारणानं कुंडीच्या मातीत सुपर फॉस्फेट मिसळू नये. ते ज्या खडकापासून बनतं त्यातलं थोडं फ्लोराइड खतात उतरतं. शेतकऱ्यांच्या घरी उरलेलं पोतं असतंच, कुंडीत मूठभर टाकायचा मोह होतो, पण या झाडाला नको.

रहिमतपूरकर

पाणी रात्रभर उघडं ठेवलं की उतरतं असं ऐकलंय. तेवढ्यानं भागत नाही का?

पानाफुलांत (कराड)

रात्रभर ठेवल्यानं क्लोरीन उडून जातो. टीसीएल पावडरचा वास मारणाऱ्या नळाच्या पाण्याला हा उपाय ठीक. क्षार आणि फ्लोराइड मात्र कुठेही जात नाहीत, उलट पाणी आटलं की दाट होतात.

मिरजेचा_मुकुंद

मग आम्ही बोअरवाल्यांनी काय करायचं? बिसलेरी विकत आणून पाजायची?

कोयनाकाठ

पावसाचं पाणी धरा. जूनमध्ये गच्चीच्या पन्हाळीखाली पिंप लावा, पहिल्या एक-दोन सरी धुळीच्या म्हणून सोडून द्या. घरी एसी असेल तर त्याचं ठिबकणारं पाणीही चालतं, त्यात क्षार नसतातच. पिंपाला मात्र घट्ट झाकण, नाहीतर सिस्टर रागावतील.

वडूजची_सिस्टर

रागावेनच.

विश्रामबागची_ताई (सांगली)

आमच्या स्वयंपाकघरात फिल्टर आहे, आरओवाला. त्याचं वाया जाणारं पाणी मी बादलीत धरून झाडांना घालते. पाणी फुकट घालवायचं जिवावर येतं. ते चालेल ना?

तासगावकर_द्राक्षवाला

ताई, तेच नको! फिल्टर काय करतो, चांगलं पाणी प्यायच्या नळाला देतो आणि सगळे क्षार त्या वाया जाणाऱ्या पाण्यात काढून टाकतो. म्हणजे ते मूळ बोअरपेक्षाही खारट. त्यानं फरशी पुसा, गाडी धुवा. पिल्लांच्या बाटलीला प्यायचं पाणी घाला, कपभर तर लागतं.

विश्रामबागची_ताई (सांगली)

अरे देवा. म्हणजे शेंडे करपायचं कारण बादलीतच होतं. माझी मोठी कुंडी आता कशी वाचवायची? मातीत क्षार बसले असणार.

पानाफुलांत (कराड)

वाचते. कुंडी मोरीत ठेवा आणि पावसाचं किंवा फिल्टरचं चांगलं पाणी वरून सावकाश ओता, खालच्या भोकातून भरपूर वाहून जाऊ द्या. थोडं थांबून पुन्हा तसंच. क्षार धुऊन निघतात. पाऊस चालू असेल तर एखाद्या रात्री उघड्यावर ठेवली तरी तेच काम होतं. करपलेला शेंडा पुन्हा हिरवा होणार नाही, तो कात्रीनं तिरका कापा, मात्र अगदी हिरव्या भागात नको, तपकिरीची बारीक कड राहू द्या. नवी पानं स्वच्छ येतील.

वाईचा_रानगडी

आमच्याकडं एवढं पाणी-माती बघत बसत नाहीत. हे झाड आणि स्ट्रॉबेरी, पिल्लं द्यायची तऱ्हा दोघांची एकच. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीची रोपं आमच्या वाईच्या बाजूला तयार होतात. मदर प्लांट पावसाच्या तोंडाला लावायचं. ते रनर, म्हणजे असेच लांब दोरे, सोडतं. रनरच्या टोकाला पिल्लू दिसलं की खाली माती-शेणखत भरलेली पिशवी सरकवायची, त्यात पिल्लू टेकवायचं, वाऱ्यानं हलू नये म्हणून काडी किंवा तारेचा आकडा मारायचा. पिल्लू आईचं दूध पीत पीतच पिशवीत मुळं सोडतं. मुळं धरली की रनर कापायचा, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात ते रोप घाटावर लागणीला जातं.

स्पायडर प्लांटला हेच करा. टांगलेली कुंडी खाली घ्या, शेजारी छोट्या कुंड्या मांडा, दोरा न कापता पिल्लू मातीवर टेकवा, साडीची पिन उघडून दोऱ्यावर खोचा. आई पाणी पुरवत असते, त्यामुळं पिल्लू सुकत नाही. ना पाण्यातनं मातीत हलवायची भानगड, ना डास.

पानाफुलांत (कराड)

वाईकर, हे सगळ्यांत उत्तम. याला दाब कलमाचाच प्रकार म्हणता येईल. पिल्लाला जोडलेला दोरा म्हणजे चालू नळ आहे, तो मुळं येण्याआधी बंद करायची घाई कशाला?

ओंजळभर

एक शंका. हे झाड नासानं हवा शुद्ध करणारं म्हणून सांगितलंय ना? म्हणून मी बेडरूममध्ये चार कुंड्या ठेवल्यात. पिल्लं लावून आणखी वाढवू का?

कोयनाकाठ

वाढवा, पण देखणं आहे म्हणून. नासाच्या बी. सी. वोल्वर्टन यांचे प्रयोग १९८० च्या दशकातले, छोट्या बंद पेटीत झाड ठेवून केलेले. आपल्या खोलीला दारं-खिडक्या असतात, हवा सतत बदलते. २०१९ साली ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा कित्येक प्रयोगांचे आकडे एकत्र मांडले. खिडकीतून खेळणाऱ्या हवेची बरोबरी करायची तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असा त्यांचा हिशोब निघाला. त्यापेक्षा सकाळी खिडकी उघडा.

मिरजेचा_मुकुंद

चौरस मीटरला हजार! हे घरी वाचून दाखवत नाही. ग्लास संपलेतच, आता कपबश्या जातील.

जावळीची_रानभाजी

विषय निघालाच आहे तर सांगते. स्पायडर प्लांट मूळचं आफ्रिकेतलं, पण त्याची सख्खी भावंडं आपल्याच डोंगरात आहेत. सफेद मुसळी त्याच क्लोरोफायटम कुळीतली. पहिल्या पावसानंतर आमच्याकडे जी फोडशी किंवा कुळीची भाजी येते, तीसुद्धा याच जातकुळीची. लांब गवतासारखी पानं, बुडाला पांढरी. धुऊन, आतला कडक दांडा काढून बारीक चिरायची, भरपूर कांदा, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, हिरवी मिरची. पावसाळा सुरू झाल्याचं आमच्या घरी या भाजीवरून कळतं.

कासच्या पठारावरही मुसळीची पांढरी फुलं दिसतात. स्पायडर प्लांटला येणारं फूल जवळ धरून बघा, सहा पाकळ्या, मध्ये पिवळे पुंकेसर, कुणीही बहीण-बहीण म्हणेल. फक्त पठारावरून कुणी उपटून आणू नका. २०१२ पासून ते जागतिक वारशात आहे, आणि तिथल्या दोन बोटं मातीत जे जगतं ते कुंडीत जगत नाही.

ओंजळभर

मग स्पायडर प्लांटची भाजी करायची का?

जावळीची_रानभाजी

नाही हो! ते शोभेचं, नर्सरीत कुठली औषधं मारलीत कुणाला ठाऊक. फोडशी बाजारातून घ्या किंवा ओळखणाऱ्या मावशीकडून.

रहिमतपूरकर

आमची मांजर मात्र रोज चरते. विषारी नाही ना?

पानाफुलांत (कराड)

मांजर-कुत्र्यांना विषारी नाही. फार खाल्लं तर ओकारी होईल एवढंच. कुंडी उंच टांगा, झाडाचंही भलं होईल.

औंधची_आजी

माझ्याकडे पाच वर्षांचं झाड आहे, पण एक पिल्लू देत नाही. हॉलमध्ये असतं. खत घालते, मोठ्या कुंडीतही हलवलं. तुम्ही सगळे पिल्लांवर भांडताय आणि माझी ओटी रिकामीच.

पानाफुलांत (कराड)

आजी, दोन कारणं दिसतात. मोठ्या कुंडीत गेलं की हे झाड आधी आपली जाड, पाणी साठवणारी मुळं पसरत बसतं. कुंडी मुळांनी जराशी भरली की मग दोरे सुटतात. दुसरं, पिल्लं यायला याला लहान दिवस लागतात, सलग काही आठवडे रोज बारा तासांपेक्षा कमी उजेड. हॉलमध्ये रात्री अकरापर्यंत ट्यूब चालू असते, त्यामुळे झाडाला हिवाळा आल्याचं कळतच नाही. दिवाळीनंतर ते अशा खिडकीत ठेवा जिथं दिवसा भरपूर उजेड येतो आणि संध्याकाळनंतर दिवा नसतो. खतही हात आखडून घाला, फार खतानं नुसती पानं माजतात.

औंधची_आजी

देवघराची खिडकी तशी आहे. तिथं ठेवते. सुखी राहा गं.

गच्चीवरची_बाग (सातारा)

खूप शिकायला मिळालं. मी पाण्याचीच पद्धत चालू ठेवणार, कासचं पाणी आहे तोवर. मुळं लहान असतानाच हलवेन. ताईसाठी मात्र पिल्लं कापून पाठवण्याऐवजी इथेच पिशवीत धरून, रुजलेली रोपं नेऊन देईन. माती कशी भरू? आमच्या अंगणातली थोडी मुरमाड आहे.

विश्रामबागची_ताई (सांगली)

आणि माझ्याकडची काळी चिकट. ओली असताना लोणी, वाळली की भेगा.

वाईचा_रानगडी

मुरमाड असेल तर उत्तम, निचरा होतो. दोन भाग माती, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). कोकोपीट आधी चांगल्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन पिळून घ्या, पुष्कळदा त्यातही मीठ असतं. सांगलीच्या ताईंनी नुसती काळी माती वापरू नये. निम्मी काळी आणि निम्म्यात भाताचं तूस, विटेचा चुरा, कोकोपीट असं घालावं. हिची मुळं जाड असतात, पाणी तुंबलं की आतनं कुजतात आणि वरनं कळत नाही.

पिल्लू टेकवताना पानांचा मधला कोंब मातीत गाडू नका, फक्त ठोंब मातीला लागले पाहिजेत. थंडीत लावलं तर वेळ जास्त लागतो, म्हणून जून ते सप्टेंबर बरा. आणि दोरा कापायच्या आधी पिल्लाला दोन बोटांत धरून हलकं वर ओढून बघा. मातीनं धरून ठेवलं तर कापा. सहज वर आलं तर पुन्हा टेकवा, पिन लावा आणि आठवडाभर सोडून द्या.